पावसाळा आला की फ्रेममधल्या प्रिंटला लाटा येतात? आधी फ्रेमची पाठ उघडून बघा

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोच्या 'ऑरेंज अँड यलो'ची प्रिंट लावलीये, वीस इंच रुंद, सव्वीस इंच उंच, साधी काळी पट्टी आणि पुढे काच. मूळ चित्र १९५६ चं, अमेरिकेत बफलोच्या म्युझियममध्ये आहे आणि ते साधारण साडेसात फूट उंच आहे, म्हणजे समोर उभं राहिलं तर रंग आपल्या डोक्याच्याही वर जातो. आमची प्रिंट त्यामानाने इवलीशी, पण तरी संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर मी पाच मिनिटं तिच्यासमोर बसते आणि मला खरंच बरं वाटतं. एक पिवळा ढग, एक नारिंगी ढग, दोघांच्या कडा धुरकट, बस, बाकी काही नाही.

आणि नेमकं हे 'बाकी काही नाही'च दर जुलैत त्रास द्यायला लागलं. पाऊस नीट लागला की आठवड्या-दोन आठवड्यांत त्या नारिंगीत उभ्या लाटा दिसायला लागायच्या, वरून खाली, चार-पाच. सकाळी कळायचं नाही, पण संध्याकाळी खिडकीतून तिरका उजेड आला की प्रत्येक लाटेची एक बाजू चमकायची आणि एक बाजू काळवंडायची, आणि मग चित्र दिसायचंच नाही, फक्त कागद दिसायचा. दिवाळीपर्यंत लाटा बऱ्यापैकी बसायच्या, डिसेंबरात जवळजवळ गायब, आणि पुढच्या जुलैत परत हजर. तीन पावसाळे हे चाललं. चौथ्या पावसाळ्याआधी सगळं उघडून बघितलं, कारण सापडलं, दुरुस्त केलं, आणि मागचा पूर्ण पावसाळा प्रिंट सपाट राहिली. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण ओळखीतल्या तिघा-चौघांकडे अगदी हाच प्रॉब्लेम आहे आणि सगळे प्रिंटवाल्याला दोष देऊन मोकळे झालेत.

मीही आधी तेच केलं. पहिल्या वर्षी वाटलं कागद पातळ आहे, म्हणून तीच प्रिंट ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) कॉटन कागदावर परत काढून घेतली, चांगले पैसे गेले. पुढच्या जुलैत लाटा चार-पाचच्या ऐवजी तीन, पण आधीपेक्षा मोठ्या. दुसऱ्या वर्षी कोणीतरी सांगितलं काचेमुळे घाम धरतो, अ‍ॅक्रिलिक लावा. लावलं. लाटा तशाच, वर अ‍ॅक्रिलिकवर धूळ चिकटायला लागली ती वेगळी. तिसऱ्या वर्षी फ्रेममध्ये सिलिका जेलच्या पुड्या घातल्या. त्याचं पुढे सांगते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे हे अशाच चित्रांना का एवढं दिसतं. माझ्या शेजारच्या खोलीत एका जुन्या मुंबईच्या फोटोची फ्रेम आहे, त्याच दुकानातून केलेली, त्यातही कागद हललेला आहे, मी बोट फिरवून बघितलंय. पण त्यात ट्राम आहे, माणसं आहेत, खिडक्या आहेत, त्या गर्दीत लाट लपते. रॉथको, अमेरिकेचाच बार्नेट न्यूमन, किंवा आपले वासुदेव गायतोंडे, या अमूर्त चित्रकारांच्या मोकळ्या रंगांच्या चित्रात लपायला जागाच नाही. न्यूमनचं 'विर हिरोइकस सब्लिमिस' न्यूयॉर्कच्या मोमा या म्युझियममध्ये आहे, जवळजवळ साडेपाच मीटर रुंद लाल आणि त्यात काही बारीक उभ्या पट्ट्या. त्याच्या प्रिंटमध्ये एक जरी उभी लाट आली तरी ती न्यूमनने काढलेल्या पट्टीशी भांडायला लागते, बघणाऱ्याला कळत नाही यातलं चित्र कुठलं आणि ओल कुठली. गायतोंडेंचं तर अजूनच नाजूक, ते रोलर आणि नाइफने रंगाचे थर लावायचे आणि काढायचे, त्या पृष्ठभागावरचा उजेड हेच तर चित्र आहे. मुंबईत म्युझियममधल्या जहांगीर निकल्सन गॅलरीत त्यांचं काम ज्यांनी बघितलंय त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. सपाट रंग म्हणजे एका अर्थी ओल मोजायचं यंत्रच, एक मिलिमीटर कागद उचलला तरी दिसतो.

आता कागद उठतो तरी का? कागद म्हणजे तंतू, आणि तंतू हवेतली ओल पितात आणि फुगतात. गंमत अशी की ते लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत वाढतात. मशीनवर कागद बनताना बहुतेक तंतू एकाच दिशेत झोपतात, त्याला ग्रेन म्हणतात, त्यामुळे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेत जास्त पसरतो आणि लाटांचे उंचवटे ग्रेनच्या दिशेने उभे राहतात. मोठ्या प्रिंट रोलवर निघतात, रोलमध्ये ग्रेन लांबीच्या दिशेने असतो, म्हणून उभी प्रिंट असेल तर लाटा बहुतेक वेळा उभ्याच येतात. तुमच्याकडे आडव्या येत असतील तर प्रिंट रोलवर आडवी फिरवून काढली असणार, एवढाच अर्थ, दोष वेगळा नाही.

किती पसरतो? अगदी थोडा. पण थोडं पुरतं, आणि हे कळण्यासाठी घरी एक करून बघा. कागदाची एक फूटभर, म्हणजे ३० सेंटीमीटरची पट्टी टेबलावर ठेवा, एक टोक दाबून धरा आणि दुसरं टोक फक्त एक मिलिमीटर आत सरकवा. पट्टी मध्ये जवळजवळ एक सेंटीमीटर वर उठते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा विश्वास बसला नाही, पट्टी घेऊन परत मोजलं. आता माझी प्रिंट पन्नास सेंटीमीटर रुंद, समजा ती दीड मिलिमीटर पसरली आणि दोन्ही कडा पक्क्या धरलेल्या आहेत, तर तो जास्तीचा दीड मिलिमीटर जाणार कुठे? एकच फुगा आला असता तर दीड सेंटीमीटरच्या वर आला असता, पण पुढे काच आणि मागे बोर्ड, म्हणून तो फुगा मोडून चार-पाच लाटा होतात. पातळ कागदात जास्त आणि बारीक, जाड कागदात कमी आणि मोठ्या. म्हणजे माझं ३०० जीएसएमचं अपग्रेड का फसलं ते पण इथेच कळलं.

तर मुख्य मुद्दा असा की कागद पसरणं हा प्रॉब्लेमच नाहीये. कोकणपट्टीत जुलैत तो पसरणारच, तुम्ही काहीही करा. त्याला कोणीतरी चारी बाजूंनी धरून ठेवलंय हा प्रॉब्लेम आहे.

चौथ्या वर्षी मे महिन्यात फ्रेम उतरवली आणि मागचा ब्राउन टेप कापून, बारीक खिळे पक्कडीने हळूहळू उपसून पाठ उघडली. हार्डबोर्ड निघाला, कडेने काळपट झालेला. प्रिंट त्या हार्डबोर्डालाच चिकटवलेली, चारी कडांना दोन इंची सेलोटेप, एकसलग, एक इंचसुद्धा जागा मोकळी नाही. वरून फ्रेमच्या खाचेत प्रिंट इतकी घट्ट की कडा दुमडलेल्या. म्हणजे डबल पक्की. आणि हे त्या दुकानदाराचा हलगर्जीपणा म्हणून सांगत नाहीये, त्यांनी प्रेमाने केलं होतं, कागद हलू नये म्हणून. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे, कारण बहुतेक वेळा आत देवाचा फोटो, लग्नाचा फोटो किंवा सर्टिफिकेट असतं, आणि त्यात हे खपून जातं.

तुमच्याकडे लाटा येत असतील तर उघडण्याच्या आधी पण बरंच कळतं. लांब, एकसारख्या लाटा पूर्ण चित्रभर म्हणजे कडा पक्क्या आहेत. फक्त कडेला, माउंटच्या (चित्राभोवतीच्या जाड बोर्डाच्या चौकटीच्या) लगत बारीक सुरकुत्या म्हणजे मधला कागद मोकळा आहे पण टेप किंवा माउंट कडेला दाबतंय. कुठल्यातरी एकाच कोपऱ्यात, आणि त्यातही खालच्या, फुगा असेल तर भिंतीवर संशय घ्या. आणि काचेच्या मागे एखादा डाग ओला असल्यासारखा गडद, चमकणारा दिसत असेल तर तिथे प्रिंट काचेला टेकलीये, हे मात्र लाटांपेक्षा गंभीर आहे, लवकर उघडा.

भिंतीचं आधी सांगते कारण माझ्याकडे दोन्ही होतं. आमची ती भिंत पश्चिमेची, बाहेरची, पावसाचा मारा थेट. वरून रंग छान दिसतो, बुरशी नाही, पापुद्रे नाहीत, त्यामुळे मला कधी शंकाच आली नाही. टेस्ट सोपी आहे: जाड प्लास्टिकचा फूटभर चौकोन घ्या, फ्रेम असते त्याच जागी भिंतीला चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला ओल धरली तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला धरली तर भिंत ठीक आहे, हवेतच ओल आहे. हे पावसात करायचं हं, मेमध्ये करून काही कळणार नाही. मी आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिकच्या आत बारीक थेंब. म्हणजे फ्रेमची पाठ भिंतीला चिकटून बसली होती आणि हार्डबोर्ड तीन पावसाळे ते पाणी पीत होता.

भिंत गळत असेल तर चित्र आतल्या भिंतीवर हलवा, एवढंच. वॉटरप्रूफिंग होईल तेव्हा होईल. आणि आतली भिंत असली तरी फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं चिकटवा, हार्डवेअरच्या दुकानात दाराला लावायची मिळतात ती, पाच-सहा मिलिमीटर जाडीची. वर डी-रिंग (टांगायच्या कड्या) आणि दोरीमुळे थोडी फट असतेच, खाली या बटणांनी येते, आणि मागून हवा खेळते. वीस-तीस रुपयांचं काम आहे आणि मला वाटतं या सगळ्यात पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

आता प्रिंट सोडवणं. इथे घाई करू नका, माझी घाईत कोपऱ्यात अर्धा इंच फाटली असती. सेलोटेप ओढून काढायचा नाही. रंगाच्या वरच्या कोटिंगसकट येतो. प्रिंटच्या कडेच्या बाहेर, म्हणजे बोर्डावर जिथे टेप आहे तिथे, पट्टी ठेवून नव्या ब्लेडच्या कटरने टेप कापायचा आणि प्रिंट टेपच्या तुकड्यासकट उचलायची. तुकडे पांढऱ्या मार्जिनवर असतील तर तिथेच राहू द्या, खाचेत लपतात. रंगावर असतील तर त्यांच्याशी खेळू नका, कडा दोन-तीन मिलिमीटर कापून टाकणं परवडतं. प्रिंट जर आख्खीच्या आख्खी पांढऱ्या ग्लूने बोर्डावर चिकटवलेली असेल आणि त्यात फुगे असतील तर मी सरळ सांगते, ती सुटणार नाही, नवीन प्रिंट काढा. वाईट वाटतं, पण पाणी लावून सोडवायला गेलं तर इंकजेटचा रंग पसरतो आणि बोर्डही जातो नि प्रिंटही जाते.

काचेला चिकटलेली असेल तर जास्तच जपून. फ्रेममधून काच आणि प्रिंट एकत्र बाहेर काढा, पंख्याखाली किंवा एसीच्या कोरड्या खोलीत दोन-तीन दिवस ठेवा, बऱ्याचदा आपोआप सुटते. नाही सुटली तर ओढू नका, काचेतूनच चांगला फोटो काढून ठेवा आणि तशीच राहू द्या.

सुटलेली प्रिंट सपाट कशी करायची? इस्त्री नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण मला दोघांनी इस्त्रीच सुचवली होती, आणि फोटो पेपरमध्ये प्लास्टिकचा थर असतो तो वितळतो. कोरड्या दिवसांत, स्वच्छ कोऱ्या कागदांच्या मध्ये (वर्तमानपत्र नको, शाई उतरते), दोन प्लायच्या मध्ये, वर पुस्तकांचं वजन, आणि आठ दिवस विसरून जायचं. मधे दोनदा कोरे कागद बदला. माझी नवव्या दिवशी काढली तेव्हा वीतभर एक उंचवटा सोडून सगळी सपाट होती, तोही लटकवल्यावर दिसेनासा झाला.

मग परत फ्रेमिंग. दुकानात गेले आणि म्हटलं, "काका, या वेळी चारी बाजूंनी टेप नको. फक्त वरून दोन ठिकाणी." काका म्हणाले, "अहो ताई, मग खाली घसरेल की." म्हटलं, "घसरणार नाही, वरून लटकेल, शर्ट हँगरला लटकतो तशी. खाली आणि बाजूला मोकळी सोडायची." त्यांना पटायला पाच मिनिटं लागली, मग मी ती कागदाच्या पट्टीची करामत त्यांच्याच काउंटरवर करून दाखवली, तेव्हा म्हणाले, "अच्छा, म्हणजे दाराला जशी बिजागरी एकाच बाजूला." अगदी तेच. वरच्या कडेला, दोन्ही कोपऱ्यांपासून थोडं आत, दोन कागदी बिजागऱ्या. बाकी तीन कडा पूर्ण मोकळ्या, म्हणजे कागदाला जेव्हा पसरायचं असेल तेव्हा खाली आणि बाजूला पसरेल.

या बिजागऱ्या कशाच्या करायच्या यावर बोलायला हवं. म्युझियममध्ये जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, पाण्याने परत सुटते म्हणून. घरची मैद्याची खळ मात्र वापरू नका, तिच्यावर कसर आणि झुरळं येतात, माझ्या आजीच्या पोथ्यांचं काय झालं ते मी बघितलंय. हे सगळं मिळत नसेल तर अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेला) कागदी टेप आर्टच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो तो चालेल. सेलोटेप, ब्राउन टेप, डबल टेप, हे तिन्ही नाही. सेलोटेपचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडून कागदात मुरतो, आणि आपल्या हवेत तो वितळून सरकतो पण.

दुसरं, जागा. प्रिंट फ्रेमच्या खाचेपेक्षा प्रत्येक बाजूने दोन-तीन मिलिमीटर लहान पाहिजे. दुकानात बहुतेक वेळा बरोबर मापाने कापतात, नीट बसावी म्हणून, ते बसणंच नडतं. मुद्दाम सांगा आणि समोर उभं राहून कापून घ्या.

तिसरं, काच आणि कागद यांच्यात फट. याला साधा मार्ग म्हणजे माउंट, जाड बोर्डाची खिडकी. पण कलर फील्डच्या, म्हणजे अशा मोठ्या मोकळ्या रंगांच्या, चित्राला माउंट लावावं का यावर माझं ठाम मत आहे: शक्यतो नको. रॉथको स्वतः फ्रेमशिवाय चित्रं लावायचा, त्याला रंग भिंतीत पसरायला हवा होता, आणि आपण त्याच्याभोवती चार इंची पांढरा शुभ्र चौकोन टाकतो तेव्हा ते धुरकट काठ एकदम धारदार कापल्यासारखे होतात. माउंट नको तर मग स्पेसर: फ्रेमच्या पट्टीच्या आत, काचेच्या मागे, कडेने लपून बसणारी प्लास्टिकची किंवा बोर्डाची पाच-सहा मिलिमीटरची पट्टी. समोरून दिसत नाही आणि कागद काचेपासून लांब राहतो. फ्रेमची पट्टी त्यासाठी थोडी खोल घ्यावी लागते, आधीच सांगा, नाहीतर मागचा बोर्ड बाहेर येतो. कोणाला माउंटच आवडत असेल तर पांढऱ्याऐवजी चित्राच्या पार्श्वभूमीच्या जवळचा फिका रंग घ्या, आणि खिडकी प्रिंटवर पाच मिलिमीटर तरी चढू द्या, म्हणजे कागद हलला तरी कड उघडी पडणार नाही.

बॅकिंग: हार्डबोर्ड आणि एमडीएफ प्रिंटला थेट लागता कामा नये. दोन्ही ओल पितात आणि दोन्हीतून आम्ल सुटतं, ज्याने कागद पिवळा पडतो. प्रिंटच्या मागे अ‍ॅसिड-फ्री बोर्ड, आणि त्याच्या मागे पोकळ नालीदार प्लास्टिकची शीट, जी सनपॅक म्हणून साइनबोर्डवाल्यांकडे मिळते. ती पाणी पीत नाही आणि हलकी आहे. सगळ्यात मागे पाठ टेपने बंद, धूळ आणि किड्यांसाठी.

इथे एक खरा गुंता आहे. बंद करायची की हवा खेळू द्यायची? मी बरंच डोकं घातलं यात. शेवटी उत्तर असं की बंद करायची, पण कोरड्या दिवसांत. पावसात फ्रेम बंद केली तर आतल्या कागदात, बोर्डात भरलेली ओल आतच कोंडते, आणि रात्री एसीने काच गार झाली की तीच आतून दवासारखी धरते. फेब्रुवारी-मार्च हे फ्रेमिंगचे महिने, माझ्या घरातलं हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजायचं यंत्र) तेव्हा दुपारी पंचेचाळीस-पन्नास टक्के दाखवतं आणि जुलैत चौऱ्याऐंशीच्या खाली येत नाही. प्रिंट आणि बोर्ड चार दिवस आधी कोरड्या खोलीत उघडे ठेवा, मग बंद करा. अशी बंद केलेली फ्रेम आतल्या आत हळू बदलते, बाहेर आठवडाभर पाऊस कोसळला तरी तिला लगेच कळत नाही.

आणि सिलिका जेल. उघड्या पाठीच्या फ्रेममध्ये त्या पुड्या दोन-तीन दिवसांत भरतात आणि मग नुसत्या पडून राहतात, माझ्या तर एका कोपऱ्यात कागदाच्या मागे अडकून तिथे उंचवटा आला होता. घालू नका.

ज्यांना हे सगळं नकोय आणि प्रिंट साधी, परत मिळणारी आहे, त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे: मोठ्या प्रिंटिंगवाल्यांकडे कोल्ड माउंट करून घ्यायची, म्हणजे गरम न करता, तीन मिलिमीटरच्या एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचे थर असलेल्या) शीटवर, रोलरखाली पूर्ण चिकटवून. आता मी वर म्हटलं की धरून ठेवू नका, आणि इथे आख्खी चिकटवा म्हणतेय, तर फरक असा की फक्त कडेने धरलं तर मधला कागद उठायला मोकळा असतो, प्रत्येक इंच धरला तर उठायला जागाच राहत नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमची शीट ओलीने वाकत नाही. दिसतं अप्रतिम, आरशासारखं सपाट. पण ते परत सुटत नाही, त्यामुळे सही केलेली, नंबर असलेली एडिशन असेल तर चुकूनही करू नका. सनबोर्डवर (फोमच्या हलक्या बोर्डावर) पण करतात, स्वस्त पडतं, पण मोठ्या साइजला तो पुढे-मागे वाकतो, मी तरी एसीपीच घेईन.

कॅनव्हासवरची प्रिंट हा तिसरा. काच नाही, चकाकी नाही, रंग मोकळा, आणि मूळ चित्रं कॅनव्हासवरच आहेत. पावसात कॅनव्हासही सैल पडतो, पण तो सुधारता येतो: चांगल्या स्ट्रेचरच्या आतल्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात, त्या हलक्या हाताने ठोकल्या की ताण येतो. घेताना पाठ बघून घ्या, पाचरी नसतील आणि नुसत्या स्टेपल केलेल्या पट्ट्या असतील तर सैल पडल्यावर परत दुकानाशिवाय इलाज नाही.

उघडलंच आहे तर अजून दोन गोष्टी बघून घ्या. एक, बुरशी. बारीक तपकिरी किंवा राखाडी ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नका, डेटॉल वगैरे तर नाहीच, पसरतं आणि डाग कायमचा होतो. कोरड्या सावलीत हवेवर ठेवा, पूर्ण वाळल्यावर बाल्कनीत जाऊन, तोंडावर मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने झटका. दोन, रंग. खाचेखाली लपलेली कड आणि उजेडातला भाग शेजारी ठेवून बघा. फरक दिसला तर रंग उतरतोय, प्रिंट बहुतेक डाय इंकची (विरघळलेल्या रंगाच्या शाईची) असणार, पुढच्या वेळी पिगमेंट इंक (बारीक रंगकणांची, जास्त टिकणारी शाई) मागा, आणि उन्हाची भिंत सोडा. साधी काच यूव्ही थोडंच अडवते. हे खुद्द रॉथकोच्या बाबतीत घडलंय: १९६४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका डायनिंग रूममध्ये त्याची मोठी पॅनेल्स लागली, मोठ्या खिडक्या, भरपूर ऊन, आणि त्यात वापरलेला लिथॉल रेड नावाचा रंग इतका उडाला की १९७९ पर्यंत ती उतरवून ठेवावी लागली. २०१४ मध्ये हार्वर्डने त्यांच्यावर ब्रश न लावता प्रोजेक्टरमधून हिशोबाने रंगीत उजेड टाकून जुना रंग परत दाखवला. आपल्याकडे हॉलमध्ये तो उपाय नाही, पडदा आहे.

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्यांसाठी थोडक्यात: तुमच्याकडे हे उलट्या ऋतूत होतं. थंडीत हीटिंगने हवा खूप कोरडी पडते, कागद आकसतो, आणि चारी बाजूंनी टेप असेल तर तो ताणला जाऊन कोपऱ्यातून फाटतो. उपाय तोच, वरून दोन बिजागऱ्या.

मागच्या जुलैत मी रोज संध्याकाळी त्या तिरक्या उजेडात बघत होते. हायग्रोमीटर सत्त्याऐंशी, बाहेर तीन दिवस सलग पाऊस, आणि नारिंगी सपाट. खालच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, बोटभर एक हलका उठाव होता, तो सप्टेंबरात बसला. तिथे जुन्या सेलोटेपचा तुकडा राहिलाय, मला माहितीये. बॅकिंगवर आतून पेन्सिलने तीन गोष्टी लिहून ठेवल्यात: फ्रेम कधी बंद केली ती तारीख, ग्रेनच्या दिशेचा बाण, आणि बिजागऱ्या कुठे आहेत. तुम्ही पण लिहा, पुढे कधी कोणी उघडेल तेव्हा त्याला ब्लेड कुठे घालायचं ते कळेल.